गुडघा मान्य, कंबर अमान्य: हा कुठला न्याय?

लोमेडिकल_सातारकर
परवा इथे फौजेतल्या एका निवृत्त अधिकारी साहेबांनी लिहिलं: "हल्ली जो तो एका दुखण्याला दुसरं जोडून डिसॅबिलिटी पेन्शन मागतो. आधी गुडघा, मग गुडघ्यामुळे कंबर, कंबरेमुळे बीपी. उद्या टक्कल पडलं तरी सियाचिनचं नाव सांगतील." वाचून डोकंच फिरलं.

साहेब, पाठीवर ओझं घेऊन उतरताना दगड निसटला आणि माझ्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. इंजुरी रिपोर्ट आहे, कमांडिंग ऑफिसरची सही आहे. पुढची सगळी नोकरी दुसऱ्या पायावर भार टाकून केली. कंबर जाणार नाही तर काय होणार? रिटायर होतानाच्या मेडिकल तपासणीत, म्हणजे रिलीज बोर्डात, गुडघा 'अॅट्रिब्युटेबल' (नोकरीमुळे झालेला) ठरला आणि त्याच पानावर खालच्या ओळीत कंबर 'नाना', म्हणजे नोकरीमुळे झालीही नाही आणि वाढलीही नाही. कारणाच्या रकान्यात लिहिलंय 'कॉन्स्टिट्यूशनल'. म्हणजे माझ्या प्रकृतीचाच दोष!

भरतीच्या वेळी शेप वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त म्हणून घेतलंत ना? सुप्रीम कोर्टाने 2013 ला धरमवीर सिंग निकालात सांगितलंय: भरतीच्या कागदावर आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असंच धरायचं, सिद्ध करायचा भार जवानावर नाही आणि बोर्डाने कारणं द्यायची. एक शब्द म्हणजे कारणं झाली का?

तोफखाना_नाशिक
दादा, तुझी कंबर खरी असेल. पण साहेब अगदीच चुकीचं बोलले नाहीत. रिटायरमेंट जवळ आली की बीपी वाढणारे मी डोळ्यांनी बघितलेत. बोर्डाच्या आदल्या रात्री जागरण, वर पापड-लोणचं. 20 टक्के अपंगत्व मिळालं की सुप्रीम कोर्टाच्या राम अवतार निकालाने ते 50 धरायचे, म्हणजे शेवटच्या पगाराच्या 15 टक्के जन्मभर. माझ्या गावचा एक जण सुरुंगावर पाय गमावून बसलाय. त्याच्या रांगेत पापडवालाही पेन्शन घेतो. लाज वाटते.

लोमेडिकल_सातारकर
पापडवाल्याला पकडायचं काम बोर्डाचं. त्याची शिक्षा माझ्या कंबरेला का?

वीरपत्नी_नव्हे_पण_पत्नी
भावजी, नोंदीचं कुणीच बोलत नाही. आमच्या यांना उतरताना कळ यायची, तरी एमआय रूमला, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात जायचे नाहीत. लो मेडिकल, म्हणजे कागदावर कमी तंदुरुस्त झालं की प्रमोशन अडकतं, त्यासाठीचा कॅडरचा कोर्स हातचा जातो. ब्रूफेन खाऊन परेडला उभे. आता बोर्ड विचारतं, इतकी वर्षं तक्रार का नाही? तक्रार केली असती तर नायकाचे हवालदार झाले असते का?

पेन्शनर_बेळगाव
वहिनी, मुद्द्याचं बोललात. जवान दुखणं लपवतो आणि साहेब लोक? डिसॅबिलिटी पेन्शन घेण्याचं प्रमाण जवानांपेक्षा अधिकाऱ्यांत कितीतरी जास्त आहे, हे कॅगनेच 2023 ला लिहिलंय. ओझं आम्ही उचललं, बीपी त्यांना झालं. त्यात इतकी वर्षं इन्कम टॅक्सची माफी. ज्याला टॅक्सच लागत नाही त्या शिपायाला माफीचा काय उपयोग?

मूळ_पोस्टवाले_साहेब
कमाल आहे. अधिकारी उशिरा रिटायर होतात, वय वाढलं की आजार वाढतात, हे साधं गणित आहे. आणि टॅक्सचं म्हणाल तर 2019 च्या परिपत्रकाने माफी फक्त बोर्ड-आउट झालेल्यांपुरती, म्हणजे अनफिट म्हणून मुदतीआधी घरी पाठवलेल्यांपुरती ठेवायला काढली होती. कोर्टात कोण गेलं? अधिकारीही गेले म्हणूनच त्या वेळी सगळ्यांचं वाचलं. थँक्यू राहू द्या, निदान शिव्या तरी देऊ नका.

पेन्शनर_बेळगाव
थँक्यू साहेब. कँटीनच्या लायनीत पुढे घुसता तेव्हा पण म्हणेन.

तोफखाना_नाशिक
झालं, कंबरेवरून कँटीन. आता दारूचा कोटा पण काढा.

मूळ_पोस्टवाले_साहेब
सातारकर, तुमच्यापुरतं बोलतो. इंजुरी रिपोर्ट असलेल्या गुडघ्यापासून कंबर गेली असेल तर क्लेम योग्य आहे. पण 'जोडलेलं आहे' एवढं लिहून चालत नाही. चालण्यात काय फरक पडला, भार कुठे गेला, एमआरआयमध्ये काय दिसतं, हे हाडांच्या डॉक्टरकडून लेखी घ्या. पहिलं अपील वेळेत करा, मग दुसरं, मग फौजेच्या ट्रिब्युनलचं मुंबई बेंच. 21 सप्टेंबर 2023 नंतर रिटायर झाला असाल तर नवे नियम लागतात, ते आधी वाचा. टक्कलवाल्या वाक्यावर मात्र मी ठाम आहे.

लोमेडिकल_सातारकर
रिटायर 2021 ला झालोय, जुनेच नियम. पहिलं अपील 'बोर्डाच्या मताशी सहमत' म्हणून एका ओळीत परत आलंय. डॉक्टरांच्या पत्राचं डोक्यात नव्हतं, ते घेतो. बाकी साहेब, प्रोफाइलच्या फोटोत तुमचंही टक्कल दिसतंय. पोस्टिंग कुठे होतं?