मदत हवी आहे: नवीन कन्सोलला नंबर लागलाय, घेऊ का सोडू? उद्यापर्यंत सांगायचंय

पिक्सेल_पाटील
मंडळी अर्जंट आहे. आतेभावाला नंबर लागलाय, उद्या रात्रीपर्यंत पैसे भरले नाहीत तर दुसऱ्याला जाणार. नवीन वाला घ्यावा का? लॉन्चला धड गेम किती आहेत आणि पॉवर कशी आहे एवढंच सांगा. यूट्यूबवर अर्धे म्हणतात पीएस४ एवढाच आहे, अर्धे म्हणतात एक्सबॉक्स सिरीज एसच्या जवळ जातो, बघून बघून डोकं फिरलंय. माझ्याकडे आधीचा आहेच त्यामुळे जुने गेम चालतील असं धरून चाललोय. भाऊ जूनमध्ये येतोय, तोच घेऊन येईल. बायकोला अजून बोललो नाहीये त्यामुळे "आधी घरी विचारा" असले सल्ले कृपया नकोत.

झोपाळू_वाघ
नवीन वाला म्हणजे कुठला? पीएस५ प्रो का? आणि नंबर लागलाय म्हणजे काय?

काकाश्री_५६
म्हाडाची लॉटरी असेल तर डोळे झाकून घ्या. आमच्या शेजाऱ्यांनी सोडला होता, अजून हळहळतात.

पिक्सेल_पाटील
अहो काका कन्सोल म्हटलंय ना वर. निंटेंडोचा स्विच २. ५ जून २०२५ ला येतोय, सध्या दुसरा कुठला नवीन येतोय?

खवय्या_प्रोसेसर
पॉवरचं मी सांगतो. परवाच डिजिटल फाउंड्रीने (कन्सोलची तांत्रिक चिरफाड करणारं चॅनल) सगळे आकडे दिलेत. एनव्हिडियाची चिप, १,५३६ कुडा कोअर (ग्राफिक्सचं गणित करणारे), १२ जीबी रॅम, त्यातली ९ गेमला आणि ३ सिस्टिम खाते. डॉकमध्ये टीव्हीला लावला की ३.०७ टेराफ्लॉप (ग्राफिक्सची ताकद मोजायचं माप), हातात घेतला की १.७१. पीएस४ होता १.८४, सिरीज एस आहे ४. म्हणजे तुमचे दोन्ही यूट्यूबवाले खोटं बोलत नाहीयेत, एक हातातलं सांगतोय आणि एक डॉकमधलं. पण नुसते टेराफ्लॉप शेजारी शेजारी मांडून काही कळत नाही कारण आर्किटेक्चर वेगळं आहे, शिवाय इथे डीएलएसएस आहे, म्हणजे चित्र कमी रिझोल्यूशनला काढायचं आणि मग मशीन लर्निंगने मोठं करायचं. सायबरपंक २०७७ बघा, २०२० ला पीएस४ वर त्याची अशी लाज गेली की सोनीने स्वतःच्या स्टोअरवरून काढून टाकला होता, तोच गेम इथे लॉन्चच्या दिवशी येतोय.

सीपीयू मात्र कमजोर आहे. आठ एआरएम कोअर, त्यातले सहा गेमला, क्लॉक जेमतेम १ गिगाहर्ट्झच्या आसपास. ज्या गेममध्ये रस्त्यावर गर्दी जास्त तिथे दम लागणार. आणि ४के वगैरे जाहिरातीत आहे ते डॉकचं, स्क्रीन १०८०पी आहे, ७.९ इंची, १२० हर्ट्झ, पण ओएलईडी नाही, साधा एलसीडी. हे मला अजिबात पटलेलं नाही. टीव्ही कुठला आहे तुमचा?

पीसीभक्त
३ टेराफ्लॉपसाठी एवढे पैसे?? भावाला सांगा स्टीम डेक आण, हातात धरायचा गेमिंग पीसी. सेलमध्ये गेम १००-२०० रुपयांत मिळतात. इथे एक मारिओ कार्ट ८० डॉलरला, म्हणजे जवळपास ७ हजार. एका गेमला!

तिसरी_घंटा
आला का हा. दर धाग्यावर स्टीम डेक. त्यांनी विचारलंय का?
आणि स्टीम डेक १.६ टेराफ्लॉपचा आहे, मग ३ ला नाक कशाला मुरडतोस?

पीसीभक्त
मी पर्याय सुचवला, मदत धागा आहे ना. डेकवर माझी सगळी जुनी लायब्ररी चालते. तुमच्या निंटेंडोचे गेम पाच वर्षांनीपण त्याच किमतीला. ब्रेथ ऑफ द वाइल्ड २०१७ चा आहे, अजून ६० डॉलर. साठ.

तिसरी_घंटा
किमतीचं खरंय, तिथे वाद नाही. पण हातात घेऊन मारिओ कार्ट खेळायचं असेल तर तुझ्या डेकवर कुठून आणणार? (इम्युलेटरचं, म्हणजे दुसऱ्या कन्सोलचे गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, नाव इथे काढू नकोस, मॉडरेटर धागा बंद करतील.)

पाटील, लाइनअपचं ऐका. लॉन्चला नवीन आणि फक्त याच मशीनवर असा मोठा गेम एकच, मारिओ कार्ट वर्ल्ड. २४ गाड्या एका रेसमध्ये, ट्रॅक एकमेकांना जोडलेले, मध्ये कुठेही भटकता येतं. बाकी बहुतेक सगळं दुसरीकडे आधीच येऊन गेलेलं: सायबरपंक, स्ट्रीट फायटर ६, हॉगवर्ट्स लेगसी, हिटमन, सिव्हिलायझेशन ७, स्प्लिट फिक्शन. झेल्डाचे दोन्ही गेम (ब्रेथ ऑफ द वाइल्ड आणि टीअर्स ऑफ द किंगडम) जास्त रिझोल्यूशन आणि फ्रेमरेटने. आणि एक वेलकम टूर नावाचा प्रकार आहे ज्यात कन्सोलचीच ओळख करून देतात, म्हणजे बॉक्समधल्या माहितीपत्रकाचे वेगळे पैसे, ९.९९ डॉलर. काय बोलायचं.

पण पहिल्या दिवशी लाइनअप पातळ असणं यात नवीन काही नाही. २०१७ च्या मार्चमध्ये पहिला स्विच आला तेव्हा झेल्डा सोडला तर होतं काय? मारिओ ओडिसीला ऑक्टोबर उजाडला. यावेळी डाँकी काँग बनान्झा १७ जुलैलाच येतोय. झेल्डा खेळून झालाय का तुमचा? नसेल तर तुमची लाइनअप भरगच्च आहे, झाला असेल तर तुम्ही एका मारिओ कार्टसाठी कन्सोल घेताय असं समजा.

पिक्सेल_पाटील
एक झालाय, टीअर्स ऑफ द किंगडम अर्धा राहिलाय, फार अडकतो म्हणून सोडला होता. तोच नीट खेळायचाय मला मुख्यतः. आणि मुलीबरोबर मारिओ कार्ट. टीव्ही साधा १०८०पी आहे, त्याने काय फरक पडतो?

खवय्या_प्रोसेसर
फरक पडतो, ४के सोडून द्या, तुम्हाला हातात आणि टीव्हीवर दोन्हीकडे १०८०पीच दिसणार. पण अडकणं जाईल, झेल्डाला ६० फ्रेमचं सांगितलंय. डेमो बघा, झेल्डातल्या कोरोक जंगलात शिरताना जुन्यावर जे व्हायचं ते आता होत नाहीये.

एडिसनवाला
भाऊ कुठल्या दुकानातून घेतोय? इथे अमेरिकेत प्रीऑर्डर ९ एप्रिलला सुरू होणार होती, टॅरिफच्या गोंधळात २४ ला गेली आणि काही तासांत सगळीकडे संपली. ४४९.९९ डॉलर, मारिओ कार्टसकट ४९९.९९, वर राज्याचा सेल्स टॅक्स. म्हणजे नुसता कन्सोल ३८ हजार रुपये प्लस टॅक्स धरा. भारतात निंटेंडो अधिकृत विकतच नाही, तेव्हा ग्रे मार्केटपेक्षा (अनधिकृत विक्रेत्यांपेक्षा) हे कधीही बरं. कस्टम्सला सध्या (२०२५) ५० हजारांपर्यंत ड्युटी नाही, त्याच्या वर गेलं की वरच्या रकमेवर ३८.५ टक्के. भावाने सोबत दोन आयफोन आणले नाहीत म्हणजे झालं.

पिक्सेल_पाटील
अमेरिका नाही हो, भाऊ ओसाकाला आहे. तिथल्या दुकानाच्या लॉटरीत नंबर लागलाय. ४९,९८० येन, म्हणजे आपले २९-३० हजार. म्हणून तर घाई, अमेरिकेपेक्षा किती स्वस्त पडतोय बघा ना. मारिओ कार्टसकट ५३,९८० ला आहे, तोच घेऊ म्हणतोय.

काकाश्री_५६
जपानमध्ये १०० व्होल्ट असतात. मी १९८८ साली ओळखीच्यांकडून टेपरेकॉर्डर मागवला होता, थेट लावला, फट् झालं. ट्रान्सफॉर्मर घ्या, लॅमिंग्टन रोडला मिळेल.

खवय्या_प्रोसेसर
काका, अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टचा आहे, चपटी पिन आहे तिला फक्त कन्व्हर्टर लागेल. पण डॉकला मोबाइलचा कुठलाही चार्जर लावू नका पाटील, त्याला ६० वॉट लागतात. जुना डॉकही चालत नाही.

योकोहामाची_सून
थांबा थांबा. ४९,९८० वाला घेऊ नका!! कोणीच कसं सांगितलं नाही. तो फक्त जपानी भाषेचा आहे. सेटिंगमध्ये भाषा बदलायची सोयच नाही आणि त्यावर निंटेंडो अकाउंटसुद्धा जपान रीजनचंच जोडता येतं. येन पडलाय म्हणून बाहेरचे लोक बॅगा भरून नेतील, ते होऊ नये म्हणूनच दोन मॉडेल काढलीत असं दिसतंय. सगळ्या भाषांचा वेगळा आहे, ६९,९८० येन, आणि तो दुकानात मिळत नाही, फक्त माय निंटेंडो स्टोअरवर. दुकानाच्या लॉटरीत लागलाय म्हणजे तुमचा जपानीवालाच.

एडिसनवाला
६९,९८० म्हणजे ४१ हजारांच्या आसपास. संपला की फायदा.

पिक्सेल_पाटील
अरे यार. पण मारिओ कार्टला वाचायचं काय असतं? मुलगी सात वर्षांची आहे, तशीही वाचत नाही, बटणं दाबते. आणि झेल्डाची भाषा गेममध्ये बदलता येईल ना?

योकोहामाची_सून
मारिओ कार्टचं खरंय, माझा मुलगा दोन्ही भाषांत न वाचताच खेळतो. पण झेल्डात गेमच्या आत फक्त आवाजाची भाषा बदलते, लिहिलेलं सगळं कन्सोलच्या भाषेत येतं. म्हणजे मिशन काय, कुणी काय सांगितलं, सगळं कांजीत. मी इथे नऊ वर्षं आहे, दुकानात भांडूही शकते जपानीत, तरी झेल्डा इंग्रजीत लावते.

झोपाळू_वाघ
गूगल लेन्स धरायचा स्क्रीनवर

तिसरी_घंटा
हो, आणि तिसऱ्या हाताने कंट्रोलर. पाटील, तुमचं आत्ताचं अकाउंट कुठल्या रीजनचं आहे? आणि "आधीचा आहे" म्हणालात तो नेमका कुठला? गेम कार्डवर आहेत की डाउनलोड केलेले?

पिक्सेल_पाटील
स्विच लाइट आहे, पिवळा. अकाउंट अमेरिकेचं, इथे स्टोअर नाही म्हणून सगळे तेच करतात ना. गेम सगळे डिजिटल, गिफ्ट कार्ड मागवून घेतलेत. याचा काय संबंध?

तिसरी_घंटा
सगळा संबंध याचाच आहे. अमेरिकेचं अकाउंट त्या जपानी मशीनवर चढणारच नाही, म्हणजे तुमचे डिजिटल गेम येणार नाहीत. टीअर्स ऑफ द किंगडमचा अर्धा सेव्हसुद्धा अकाउंटला बांधलेला, तोही नाही. तुम्ही ज्यासाठी घेताय नेमकं तेच होणार नाही. सगळ्या भाषांचा स्विच २ असता तर झेल्डाला फक्त १० डॉलरचा अपग्रेड पॅक लागला असता, ऑनलाइनची महागडी मेंबरशिप असेल तर तोही फुकट.

पिक्सेल_पाटील
जपानचं नवीन अकाउंट काढलं तर?

तिसरी_घंटा
काढा की. गेम परत विकत घ्या, शून्यापासून खेळा, जपानीत.

पीसीभक्त
मी काही बोलत नाही.

झोपाळू_वाघ
बोलू नकोस.
मला एक सांगा, त्या गेम-की कार्डचं काय प्रकरण आहे? कार्ड विकत घ्यायचं पण त्यात गेमच नाही?

खवय्या_प्रोसेसर
हो. कार्डात फक्त चावी, गेम नेटवरून उतरवायचा, आणि खेळताना कार्ड आत हवंच. स्ट्रीट फायटर ६, ब्रेव्हली डिफॉल्ट, दोन्ही तसे. अकाउंटला बांधलेलं नसतं त्यामुळे नंतर विकता येतं एवढाच त्यातला फायदा. सायबरपंकवाल्यांनी मात्र अख्खा गेम ६४ जीबीच्या खऱ्या कार्डवर दिलाय, त्यांचं कौतुक. आतली जागा २५६ जीबी आहे. पाटील, लाइटमधलं मेमरी कार्ड काढून यात घालायचा विचार असेल तर तेही विसरा, मायक्रोएसडी एक्सप्रेसच लागतं, जुन्या कार्डवरून फक्त फोटो-व्हिडिओ उचलता येतात.

पिक्सेल_पाटील
अजून काही राहिलंय का? एकदाच सांगून टाका.

खवय्या_प्रोसेसर
बॅटरी. २ ते ६.५ तास सांगतात, लाइटला ३ ते ७ होते. वजन जॉयकॉनसकट (बाजूचे कंट्रोलर) ५३४ ग्रॅम, लाइट २७५. झोपून खेळत असाल तर नाकावर पडेल तेव्हा कळेल. आणि स्टिक हॉल इफेक्टच्या (न झिजणाऱ्या, चुंबकवाल्या) नाहीत, ड्रिफ्टचं, म्हणजे स्टिक आपोआप सरकण्याचं, काय ते सहा महिन्यांनी बघू.

योकोहामाची_सून
पाटील, एक मार्ग आहे. भावाला माय निंटेंडो स्टोअरवर सगळ्या भाषांच्या मॉडेलसाठी अर्ज टाकायला सांगा. पण अट आहे: फेब्रुवारीअखेर स्विचवर निदान ५० तास खेळलेला हवा आणि ऑनलाइन मेंबरशिप एकूण वर्षभर तरी. तरीही पहिल्या फेरीत जपानात २२ लाख लोकांनी अर्ज केले होते, कंपनीच्या अध्यक्षांनीच सांगितलं की बऱ्याच जणांना मिळणार नाही. भाऊ खेळतो का?

पिक्सेल_पाटील
भाऊ कसला खेळतोय, तो ट्रेकिंगवाला आहे. माझ्यासाठी म्हणून त्याने दुकानात नाव घातलं होतं. सांगतो त्याला सोडून दे म्हणून. एवढ्या लोकांतून नंबर लागला आणि सोडायचा, जीवावर येतंय.

काकाश्री_५६
सोडू नका, घेऊन तिथेच कुणाला तरी द्या जास्त पैशांत.

योकोहामाची_सून
काका असलं काही सुचवू नका, याच धंद्याला कंटाळून तर ते दुकानदार लॉटरी लावतायत. इथल्या साइट्स अशा लोकांना हुडकतायत सध्या.

तिसरी_घंटा
सोडाच. तुम्हाला झेल्डा नीट खेळायचाय, त्यासाठी अमेरिकेचा किंवा सिंगापूर-दुबईकडून कुणी आणत असेल तर तो. तोपर्यंत डाँकी काँग येईल, लोकांचे रिव्ह्यू येतील, किंमत काही कमी व्हायची नाही पण निदान रांग तरी ओसरेल. फक्त कुणी आणला तरी खोक्यावर भाषेचं बघायला सांगा, ग्रे मार्केटमध्ये हे जपानी तुकडे स्वस्त म्हणून खपवणार आहेत बघा.

पिक्सेल_पाटील
ठीक. भावाला मेसेज टाकला. एडिसनवाले, तुम्ही दिवाळीला येता का इकडे?

एडिसनवाला
येतोय, पण माझ्या बॅगेत सासूबाईंचा एअर फ्रायर आधीच बुक आहे. डॉकचं खोकं केवढं आहे ते आधी बघून सांगा.