प्लगइन म्हणजे नक्की काय? गाडीतलं वेगळं, वेबसाइटचं वेगळं?

सुखदा_के: मंडळी, आमच्या संस्थेच्या वर्डप्रेस (वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर) साइटवर देणगीचा फॉर्म हवाय, तर साइट बघणारा मुलगा म्हणतो प्लगइन टाकू. भाचा घरी गाणी मिक्स करतो, त्याचं दिवसभर रिव्हर्बचं (आवाज घुमवणारं) प्लगइन नि ईक्यूचं (जाड-बारीक आवाज कमीजास्त करणारं) प्लगइन चालू असतं. आणि आता गाडी घ्यायचीय तर प्लग-इन हायब्रिड! हे सगळं एकच का? ग्रँड विटारा आणि हायक्रॉस मनात आहेत, त्या प्लग-इन आहेत का?

घाटरस्ता: नाहीत. या दोन्हींच्या स्ट्राँग हायब्रिडला (पेट्रोल इंजिन अधिक विजेची मोटर) चार्जिंगचं सॉकेटच नाही, बॅटरी छोटी असते, ब्रेक मारताना आणि इंजिनवर चार्ज होते, म्हणजे सगळी शक्ती शेवटी पेट्रोलचीच. प्लग-इनची बॅटरी बरीच मोठी आणि बाहेरून चार्ज होणारी. अमेरिकेत २०१० च्या शेवटी आलेली शेव्हरोले व्होल्ट साधारण ५६ किमी नुसत्या विजेवर जायची, मग इंजिन सुरू. पण रोज चार्ज करणं जमणार नसेल तर घेऊच नका, जड बॅटरीचं ओझं वाहत पेट्रोल जाळत बसाल.

कोडकरी: वेबसाइट आणि गाण्यांचं प्लगइन मात्र एकाच जातीचं. मूळ प्रोग्रॅमवाले काही जागा मुद्दाम मोकळ्या ठेवतात, बाहेरचा माणूस तिथे आपला तुकडा जोडतो, तो तुकडा एकटा चालत नाही. गाण्यात स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ ला व्हीएसटी, म्हणजे अशी प्लगइन जोडायची पद्धत आणली, वर्डप्रेसमध्ये ही सोय २००४ ला आली. गाडीत उलटं आहे बघा, तिथे काही जोडायचं नसतं, अख्खी गाडीच भिंतीला जोडायची.
ताई, फॉर्मचं प्लगइन घेताना शेवटचं अपडेट कधीचं ते नक्की बघा, पैशाचा मामला आहे. आणि नको असलेलं नुसतं बंद करू नका, डिलीट करा, कारण फाइल सर्व्हरवर राहते आणि तिच्यातून घुसता येतं. कधी प्लगइनमुळे साइट उघडेना, नुसतं पांढरं पान दिसलं, तर सर्व्हरच्या फाइल मॅनेजरमधून त्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदलायचं, ते आपोआप बंद पडतं.

पॅनेलवाला: आमच्याकडे इलेक्ट्रिक पॅनेलमध्ये प्लग-इन रिले (विजेवर चालणारा स्विच) असतो, ८ पिन नाहीतर ११ पिन. वायरिंग सगळं बेसला (तो ज्यात बसतो त्या सॉकेटला), रिले गेला की सप्लाय बंद करून उपटायचा, नवा बसवायचा, एकही वायर सोडायची नाही.

सरासरी: स्टॅटिस्टिक्समध्येही आहे. १००० लोकांना विचारून मतांचा अंदाज काढताना चूक किती त्याच्या सूत्रात खरी टक्केवारी लागते, ती कुणालाच ठाऊक नसते, मग सर्वेक्षणात आलेलीच टाकायची. ५० टक्के आली तर चूक अधिक-उणे ३ टक्क्यांच्या आसपास. याला प्लग-इन एस्टिमेट म्हणतात.

सुखदा_के: सगळ्यांचे खूप आभार! सोसायटीच्या पार्किंगमध्ये पॉइंट नाहीये, म्हणजे सध्या साधी हायब्रिडच बरी ना?

घाटरस्ता: हो, बिनधास्त घ्या. पुढेमागे पॉइंट घ्यायचा झालाच तर १६ अँपियरचा, स्वतंत्र लाइनवर, अर्थिंग तपासून. एक्स्टेंशन बोर्डवर गाडी कधीच लावू नका.