'ताश' आणि 'चुल' एकाच मुळाचे कसे?

शब्दवेल्हाळ
1966 च्या करारामुळे ताश्कंद हे नाव आपल्याकडे घरोघरी पोहोचले आणि त्याचा अर्थ 'दगडांचे शहर' असा सांगितला जातो. दगडाला तुर्कस्तानात ताश, अझरबैजानात दाश आणि कझाखस्तानात तास म्हणतात, हे साम्य कानालाही कळते. पण रशियातल्या व्होल्गा नदीकाठच्या, त्याच तुर्की भाषाकुळातल्या चुवाश भाषेतला दगड या अर्थाचा 'चुल' हा शब्दही त्याच मुळाचा मानतात, तो कशाच्या आधारावर?

पिंपळपान
एकच शब्द पाहिला तर ते पटणार नाही, जोड्या मांडाव्यात. तुर्कीत पाचाला 'बेश' तर चुवाशमध्ये 'पिलेक', हिवाळ्याला तुर्कीत 'किश' तर चुवाशमध्ये 'हेल' म्हणतात. म्हणजे तुर्की कुळातल्या इतर भाषांतल्या 'श'च्या जागी चुवाशमध्ये 'ल' येतो. सप्ताह-हफ्ता आणि सिंधू-हिंदू या जोड्या ठाऊक असलेल्या आपल्याला असा नियमित फरक नवा नाही. कझाखमधला 'तास' ही मात्र वेगळी घडामोड आहे. तिथे जुन्या 'श'चा 'स' झाला, म्हणून पाचालाही 'बेस' म्हणतात.

रानवारा
मग मूळ ध्वनी 'श' होता की 'ल', हा खरा वाद आहे. मंगोल भाषेत दगडाला 'चुलू' म्हणतात, आणि काही अभ्यासकांना तो मूळच्या 'ल'चा पुरावा वाटतो. परंतु मंगोलांनी हा शब्द चुवाशच्या पूर्वजासारख्या एखाद्या बोलीतून उसना घेतला असेल, तर तो स्वतंत्र साक्षीदार ठरत नाही. मला ही शक्यता दुर्लक्षून चालणार नाही असे वाटते, कारण अशा बोलींनी शेजाऱ्यांना बरेच शब्द दिले आहेत. या बोलींत 'श'च्या जागी 'ल', तसा इतरांच्या 'झ'च्या जागी 'र' येतो: बैलाला तुर्कीत 'ओक्युझ' म्हणतात, पण हंगेरियनमध्ये 'र'कारान्त 'ओकोर' आहे.

शब्दवेल्हाळ
आभार. मित्र या अर्थाच्या तुर्की 'अर्कादाश'मध्येही, पाठ टेकायचा दगड म्हणून, हाच शब्द असल्याचे वाचले होते.

पिंपळपान
ती कथा रंजक आहे, पण खरी नाही. 'अर्का' म्हणजे पाठ हे बरोबर. तिथला 'दाश' मात्र सोबतीपणा दाखवणारा प्रत्यय आहे. 'योल' म्हणजे रस्ता, त्यावरून 'योलदाश' म्हणजे वाटेतला सोबती. आणि आपल्याही ओळखीच्या 'वतन'वरून 'वतनदाश', म्हणजे एकाच देशाचा नागरिक. ताश्कंदबाबतही थोडे जपून बोलावे, कारण त्या प्रदेशाचे जुने नाव 'चाच' असे होते आणि 'च' नसलेल्या अरबीत ते 'शाश' झाले. त्यामुळे तुर्की भाषकांनी त्या जुन्या नावातच आपला दगड ऐकला असावा, असेही एक मत आहे.