चौथीतल्या मुलीला एडीएचडीचे निदान: औषध सुरू करावे का?

प्रश्न (आई, पुणे)
माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. ती दांडगाई मुळीच करत नाही, त्यामुळे वर्गात तिच्याकडे कोणाचे लक्षच जात नव्हते. तोंडी गणिते पटापट सांगते, वहीत मात्र वजाबाकीचे चिन्ह न पाहता बेरीज करून मोकळी होते. बालमानसोपचारतज्ज्ञांनी आमच्याकडून व वर्गशिक्षिकेकडून प्रश्नावली भरून घेऊन, डोळे आणि कान तपासून, एडीएचडीचे (लक्ष न टिकणे, अतिचंचलता यांच्याशी संबंधित विकाराचे) निदान केले आहे आणि मिथाइलफेनिडेट हे लक्ष टिकण्यास मदत करणारे औषध सुचवले आहे. सासूबाई म्हणतात, मोठी झाली की आपोआप सुधारेल. यजमानांना सवय लागण्याची भीती वाटते. दरम्यान रोज संध्याकाळी अभ्यासावरून रडारड होते. अनुभवी पालकांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (वडील, नाशिक)
ताई, सवयीची भीती आम्हालाही होती. या औषधाचा गैरवापर होऊ शकतो, म्हणूनच ते चिठ्ठीशिवाय मिळत नाही. परंतु डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरलेल्या मात्रेत घेतल्यास मुलांना त्याचे व्यसन सहसा लागत नाही. कमी वेळ टिकणाऱ्या गोळीचा परिणाम साधारण चार तासांत ओसरतो. खरा त्रास भुकेचा: आमच्या मुलाचा डबा जसाच्या तसा परत येऊ लागला. तेव्हा डॉक्टरांशी बोलून गोळीआधी पोटभर न्याहारी आणि रात्री भरपूर जेवण, असा क्रम आम्ही लावला. वजन, उंची, रक्तदाब नियमित तपासून घ्या आणि घरात कोणाला हृदयविकार असल्यास तो आधीच सांगा.

उत्तर (प्राथमिक शिक्षिका, सातारा)
शांत मुली निसटून जातात, हे अगदी खरे आहे. शिक्षा दंगेखोरालाच होते आणि तपासणीचा सल्लाही त्यालाच मिळतो. निदान शाळेपासून लपवू नका, कारण ते ठाऊक असले तर मुलीला पहिल्या बाकावर बसवता येते, एका वेळी एकच सूचना देता येते आणि गृहपाठ डायरीत उतरला की नाही हे घंटा होण्याआधी पाहता येते. आणखी एक गोष्ट: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणित शिकण्यातली विशिष्ट अडचण) आहे, एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख मात्र नाही. तेव्हा वाचन-लेखनातही अडचण असेल तर तिची वेगळी चाचणी करून घ्या. कारण परीक्षेतील सवलतींचा प्रश्न पुढे येतोच.

उत्तर (समुपदेशक, मुंबई)
सासूबाईंचे म्हणणे अर्धेच खरे आहे. वयानुसार चुळबुळ बरीच कमी होते, विसराळूपणा व अव्यवस्थितपणा मात्र अनेकांमध्ये मोठेपणीही राहतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार सहा वर्षांखालील मुलांसाठी आधी पालकांचे प्रशिक्षण, तर त्यापुढच्या मुलांसाठी औषध आणि वर्तनोपचार दोन्ही सुचवले जातात. म्हणजे गोळी सुरू केली तरी संध्याकाळच्या अभ्यासाची घडी बदलावी लागेलच. गणिताचे अख्खे पान समोर न ठेवता चार उदाहरणे द्या, आधी फक्त चिन्हांभोवती गोल करायला सांगा, आणि ते जमताच लगेच, नेमके काय जमले ते सांगून शाबासकी द्या. महिनाअखेरच्या सायकलीचे आमिष या मुलांना फार लांबचे वाटते. हा विकार बराचसा आनुवंशिक असतो, त्यामुळे प्रश्नावली भरताना एखाद्या वडिलांना स्वतःचेच बालपण आठवते, हेही यजमानांना सहज सांगून पाहा.

प्रश्नकर्त्या
सर्वांचे आभार. पुढच्या भेटीला यजमानांना बरोबर नेत आहे. शाळेच्या वेळेनुसार गोळी केव्हा द्यायची आणि सुट्टीच्या दिवशी ती द्यायची का, हे दोन प्रश्न लिहून ठेवले आहेत.