आनिताची गोष्ट भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकू का?

रेवदंड्याची पेटीवाली:
आनिता लास्कर-वॉलफिश. तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाऊची ज्यू मुलगी, १९४३ च्या डिसेंबरात आउशवित्झच्या नाझी छळछावणीत पोचली तेव्हा १८ वर्षांची. चेलो (व्हायोलिनसारखं मोठं वाद्य) येतो म्हणाली, म्हणून छावणीतल्या बायकांच्या वाद्यवृंदात गेली नि जगली. सकाळ-संध्याकाळ फाटकाशी कैद्यांच्या टोळ्यांसाठी कूचगीतं वाजवायची. आणि प्रमुख आल्मा रोझे तिथेसुद्धा बेसूर खपवून घ्यायची नाही! मी पेटी वाजवते, त्यामुळे मला हेच सांगायचंय. पण आमच्या ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं चालतात. कसं लिहू?

चौलकर:
रात्री जेवणं झाल्यावर टाका. छावणीचे फोटो नकोत. लोक फोटो बघून पुढे सरकतात.

अलिबागची मावशी:
अगो, खुशाल लिही. फक्त कुणीतरी आपल्या शनवार तेल्यांशी, म्हणजे कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंशी, सांगड घालेलच. बेने इस्रायल इथे शतकानुशतकं सुखाने राहिले, ते आधीच स्पष्ट कर.

पेटीवाली:
हो मावशी, आमच्या सेक्रेटरींचा पहिला प्रश्न तोच असणार.

चौलकर:
पुढचंही लिहा. १५ एप्रिल १९४५ ला बेर्गन-बेल्सन या दुसऱ्या नाझी छावणीतून सुटका, मग लंडनला इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्रात चेलोच. २०१८ मध्ये जर्मन संसदेत भाषणही केलं.