१० मीटर एअर रायफल: पेलेट वजनाने निवडावेत की हेड साइझने?

मुलगी नागपुरात सराव करते. शिकंज्यात रायफल आवळून मारले तरी एकाच डब्यातले काही पेलेट (शिशाचे छर्रे) मधूनच बाहेर जातात. दहाचा ठिपका जेमतेम ०.५ मिमीचा, त्यामुळे एवढंही महागात पडतं.

बॅरल फेल्टने साफ केली, स्क्रू तपासले, सिलिंडरचा दाब पुरेसा आहे. इतवारीतून आणलेल्या सोनाराच्या काट्यावर ०.५३ ग्रॅमचे पेलेट वेगळे काढले, दबलेल्या स्कर्टचे (मागची पोकळ कड) बाजूला टाकले. ग्रुप (टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका) किंचित सुधारला, पण एखादा फटकतोच. हेड साइझ (पेलेटच्या डोक्याचा व्यास) सध्या ४.५० मिमी वापरतो, ४.४९ किंवा ४.५१ पूर्ण डबा घेऊन बघणं परवडत नाही. रायफल बदलणार नाही.

वजन सारखं असूनही पेलेट भरकटतो, तर आधी हेड साइझ बदलून बघावी की त्याच साइझचा दुसरा बॅच? आणि नागपुरात वेगवेगळ्या साइझचे थोडे थोडे पेलेट चाचणीपुरते कुठे मिळतील?