मदत हवी आहे: लेकीच्या रूममेटला लॉ स्कूलला जायचंय

नमस्कार मंडळी,

प्रश्न घरचा नाही, पण घरच्यासारखाच. लेकीची रूममेट कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आईवडील मेक्सिकोतल्या मिचोआकानचे. वडील इथे कॅलिफोर्नियात फ्रेस्नोजवळ बदामाच्या बागेत कामाला, आई द्राक्षांच्या पॅकिंगला. कॉलेजात गेलेली घरातली ही पहिलीच. सुट्टीत आमच्याकडे येते, मला 'काकू' म्हणते आणि थालीपीठ साल्साबरोबर खाते (वाईट लागत नाही).

आठव्या वर्षापासून ही आईवडिलांची दुभाषी. दवाखाना, बँक, शाळा, सगळीकडे. एकदा घरमालकाची नोटीस आली तेव्हा त्यातलं एक वाक्य तिनं आईला सांगितलंच नाही, आईची झोप उडेल म्हणून. वकील व्हायचं तिथूनच डोक्यात बसलं.

माझं ज्ञान पुण्याच्या भाचीपुरतं: बारावी, सीईटी, पाच वर्षांचं लॉ. इथे अमेरिकेत आधी चार वर्षांची कुठलीही पदवी, मग एलसॅट (लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा), मग तीन वर्षांचं जेडी, म्हणजे कायद्याची पदवी. आणि खर्च! त्यात १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस (पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं एक सरकारी कर्ज) बंद. बाकीचं सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० डॉलर, एकूण दोन लाखांपर्यंतच.

दुसरी अडचण अर्जासोबत द्यायच्या स्वतःवरच्या निबंधाची. २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर वंश बघून प्रवेश देता येत नाही. म्हणून एक सल्लागार म्हणतात, मेक्सिकोचं नावही काढू नकोस. दुसरे म्हणतात, सगळं ओत. ती म्हणते, मला रडगाणं गायचं नाही. काय करावं? यंदाच अर्ज करावा की एक वर्ष नोकरी करून?

*

प्रतिसाद:
ताई, मी इथे इमिग्रेशनची वकिली करतो. त्याच निकालात म्हटलंय की वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे उमेदवारानं लिहिलं, तर ते विचारात घेता येतं. तेव्हा लपवायचं कारण नाही. पण 'मी लॅटिना आहे' एवढंच लिहून भागत नाही. त्या नोटिशीचं लिहू दे. ते न सांगितलेलं वाक्य कोणतं होतं, आणि आज ती ते कसं सांगेल?

एलसॅटला नाव नोंदवायच्या आधी एलसॅककडे (ही परीक्षा घेणारी संस्था) फी माफीचा अर्ज करा, भरलेली फी परत मिळत नाही. ऑगस्ट २०२४ पासून परीक्षेत लॉजिक गेम्स (तर्काची कोडी) नाहीत, जुनी पुस्तकं कुणी फुकट दिली तर ते प्रकरण सोडून द्या. गुण १२० ते १८० मध्ये असतात आणि शिष्यवृत्ती बरीचशी त्यांवरच ठरते. म्हणून माझं मत: तयारी कच्ची असेल तर वर्षभर थांबा. एखाद्या विधी सेवा केंद्रात दुभाषी म्हणून काम मिळालं तर उत्तमच. मीही दोन वर्षं थांबलो होतो. आई अजून ऐकवते.

*

मूळ धागाकर्ती:
खूप आभार, दादा. तिला वाचून दाखवलं. इंग्रजीत सांगताना 'रडगाणं'पाशी माझीच गाडी अडली. फी माफीचा अर्ज रविवारी भरतोय. नोटीस तिनं जपून ठेवली आहे म्हणे. ते वाक्य मात्र आईला अजून सांगितलेलं नाही.